जुन्या वृद्धाश्रमात आधी काय बदलावे : वायरिंग, गरम पाणी की लिफ्ट?

प्रश्न : एक विश्वस्त, सातारा जिल्हा

नमस्कार. आमच्या संस्थेचा वृद्धाश्रम 1989 साली बांधलेल्या दुमजली इमारतीत चालतो. सध्या तेथे 42 आजी-आजोबा राहतात. त्यांपैकी नऊ जण अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्या नऊ जणांतील चौघे दुसऱ्या मजल्यावर आहेत. वायरिंग मूळचेच आहे. सकाळी सहाला चारही गिझर सुरू झाले की व्हरांड्यातले दिवे मंद होतात आणि एका आजोबांच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा भोंगा वाजू लागतो. गच्चीवरच्या सोलर बंबातून मे महिन्यात उकळते पाणी येते, श्रावणात जेमतेम कोमट.

एका देणगीदारांनी लिफ्टसाठी रक्कम देऊ केली आहे आणि त्यांचा मान राखणे आम्हाला आवश्यक वाटते. तरी लिफ्ट हेच पहिले काम असावे का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. कोणते काम आधी हाती घ्यावे, आणि रहिवाशांना इमारतीबाहेर न हलवता ते कसे पार पाडावे?

उत्तर 1 : निवृत्त विद्युत अभियंता, कोल्हापूर

आपली शंका रास्त आहे. वायरिंगला पहिला मान द्या. 2000 वॉटचा एक गिझर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. चारही गिझर एकाच फेजवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या एकाच तारेवर असतील, तर जुन्या तारांवर आणि सैल झालेल्या जोडांवर रोज सकाळी सुमारे 35 अँपिअरचा भार पडतो. मंद होणारे दिवे ही त्याचीच खूण आहे. परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर चाचणी (तारांचे इन्सुलेशन शाबूत आहे का ते पाहणारी) आणि अर्थिंगची तपासणी करून घ्या, मंजूर भार पुरेसा आहे का ते महावितरणच्या बिलावर पाहा, आणि तोवर गिझर आळीपाळीने लावण्याची शिस्त आजपासूनच घाला.

नवे काम करताना 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, बसवा, मात्र संपूर्ण मजल्यासाठी एकच बसवू नका. न्हाणीघरातल्या गिझरमध्ये दोष निर्माण झाला आणि त्यामुळे कॉन्सन्ट्रेटर बंद पडला, असे होता कामा नये. वैद्यकीय उपकरणांचे सर्किट वेगळे ठेवून त्याला इन्व्हर्टरचा आधार द्या. जुन्या इमारतींत निरनिराळ्या सर्किटांचे न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या तारा) एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे आरसीसीबी वारंवार ट्रिप होते आणि कंटाळून कोणीतरी ती काढून टाकतो. ती न काढता न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तारा कमी धूर करणाऱ्या, म्हणजे एफआरएलएस प्रकारच्या घ्या, कारण आगीत माणूस ज्वाळांआधी धुराने गुदमरतो.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 वृद्धाश्रमांना रुग्णालयांबरोबर संस्थात्मक इमारतींच्या गटात ठेवते, आणि त्याचे कारण उघड आहे : आत राहणाऱ्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके गेली, ती बातमी वाचताना मला वृद्धाश्रमांच्या खाटाच डोळ्यांसमोर आल्या. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. ते आपल्याकडे आहे का, हेही पाहावे. मागचा जिना बहुतेक ठिकाणी जुन्या गाद्यांनी भरलेला असतो. तो मोकळा करायला पैसे लागत नाहीत.

उत्तर 2 : परिचारिका, पुणे

मी ज्या वृद्धाश्रमात काम करत होते, तेथे रहिवासी आत असतानाच वायरिंग बदलले गेले. एक खोली बदलीसाठी रिकामी ठेवली होती. दोघांना सकाळी तेथे नेत, तिसऱ्या दिवशी परत आणत. वेळापत्रक उत्तम पाळले गेले, पण एक चूक झाली. ठेकेदाराने सोयीसाठी दिव्याचे बटण खाटेच्या उजवीकडून दाराजवळ नेले. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा त्यानंतर कित्येक रात्री भिंतीवर त्याच जुन्या जागी तळहात फिरवत बसायचे, आणि बटण सापडेना म्हणून अंधारातच उठायचे. शेवटी आम्ही बटण पुन्हा मूळ जागी आणून घेतले. म्हणून सांगते : खाटेची दिशा, बटणाची जागा आणि कॉलबेलची दोरी बदलू नका; बटणात बारीक दिवा असलेला प्रकार मिळतो, तो घ्या. दुपारी एक ते तीन ड्रिल बंद राहील, हे करारातच लिहून घ्या.

उत्तर 3 : नळजोडणी व सौरऊर्जेचे काम करणारा, सांगली

गरम पाण्याविषयी थोडे. 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते, आणि वृद्धांची पातळ त्वचा त्याहून लवकर. याउलट 20 ते 45 अंशांचे साचलेले पाणी न्यूमोनिया करणाऱ्या लेजिओनेला जिवाणूंना मानवते, म्हणून श्रावणातले ते कोमट पाणीही निर्धोक नव्हे. उपाय एकत्र करावा लागतो : टाकीतले पाणी बॅकअप हीटरने 60 अंशांपर्यंत तापू द्यावे आणि न्हाणीघराच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारी झडप) बसवून नळाला ते 40 अंशांच्या आसपास येईल असे करावे. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्यात हे व्हॉल्व्ह अडकतात, तेव्हा आधी गाळणी बसवा आणि दर महिन्याला थर्मामीटरने तापमान मोजून वहीत लिहा.

प्रश्नकर्ते विश्वस्त

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी आज बैठकीत वाचून दाखवली. दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांना तळमजल्यावर आणायचे ठरले आहे. त्यासाठी कार्यालय वरच्या मजल्यावर जाईल. आग लागल्यावर लिफ्ट वापरताच येत नाही, त्यामुळे या चौघांचा प्रश्न लिफ्टने सुटणार नव्हता, हे देणगीदारांना पटले. त्यांनी रक्कम वायरिंगकडे वळवण्यास संमती दिली असून लिफ्टचा विचार पुढच्या वर्षी करू. मागच्या जिन्यात 17 गाद्या आणि एक मोडकी व्हीलचेअर निघाली.