फोटो काढल्याची वेळ पीएचपीत कशी मिळवायची?

राजवाडा_कोडर:
मंडळी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (सजवलेल्या चित्ररथांचे) साडेतीनशे फोटो पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या साइटवर टाकायचेत, सहा जणांनी काढलेत. इंदूरची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते म्हणून वेळेनुसार लावायचेत, पण पीएचपीचं फाइलएमटाइम फंक्शन घेतलं तर सगळ्यांना मी अपलोड केल्याचीच वेळ येते. गेटइमेजसाइझनं नुसती रुंदी-उंची मिळते. त्यात जीडीनं (पीएचपीच्या चित्रांच्या लायब्ररीनं) थंबनेल, म्हणजे छोटे फोटो, केले तर उभे फोटो आडवे, हुकुमचंद मिलची झांकी चक्क झोपलीये!

सराफा_जागरण:
भिया, फाइलएमटाइम म्हणजे सर्वरवर फाइल शेवटची लिहिली गेली ती वेळ, कॅमेऱ्याचा काय संबंध. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच जी माहिती लिहितो तिला एक्झिफ म्हणतात; ती वाचायला एक्झिफ_रीड_डेटा चालव आणि त्यातलं डेटटाइमओरिजिनल, म्हणजे फोटो काढल्याची वेळ, घे, ‘2024:09:17 23:48:10’ असं मिळेल. नुसतं डेटटाइम नको, एडिटिंग केलं की ते बदलू शकतं. तारखेतही कोलन असतात, पीएचपीच्या स्ट्रटूटाइमला (मजकुरातून वेळ काढणाऱ्या फंक्शनला) ते कळतं पण जावास्क्रिप्टला तसंच देऊ नकोस.
झोपलेल्या झांकीचं म्हणशील तर एक्झिफमधलं ओरिएंटेशन बघ, कॅमेरा कसा धरला होता ते सांगणारा आकडा. 6 असेल तर फोटो घड्याळाच्या दिशेनं 90 अंश फिरवायचा, 8 असेल तर तेवढाच उलट दिशेनं, 3 म्हणजे डोकं खाली. जीडीचं इमेजरोटेट मात्र घड्याळाच्या उलट फिरवतं, म्हणून 6 ला उणे 90 दे. मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीये.

राजवाडा_कोडर:
झांकी उठली! पण शंभरेक फोटोंत तारीखच नाहीये?

पोहे_जलेबी:
व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेत ना? फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ उडतो, डॉक्युमेंट म्हणून परत मागव. तुझे थंबनेलही तसेच, जीडी जेपेग लिहिताना एक्झिफ ठेवत नाही, म्हणून आधी वाच, डेटाबेसमध्ये टाक, मग छोटा कर. आणि मूळ फाइली पब्लिक फोल्डरमध्ये नको ठेवूस, त्यात जीपीएस असतं, कोणी घरच्या आरतीचा फोटो दिला तर पत्ताच दिल्यासारखं.

राजवाडा_कोडर:
ते फोटो काकांचेच, मागवतो. आता एक गंमत, एका दादाच्या कॅमेऱ्यात मिरवणूक दुपारी निघालीये 😅

सराफा_जागरण:
घड्याळ चुकलंय त्याचं. एकच झांकी एकाच चौकात दोघांनी टिपलीये असे दोन फोटो शोध, वेळेतला फरक काढ आणि दादाच्या सगळ्या फोटोंना तेवढाच लाव. कॅमेरा कुठला ते मॉडेल नावाच्या टॅगमध्ये मिळेल.

राजवाडा_कोडर:
सापडले दोन, राजवाड्यासमोरचे. साडेआठ तास मागे होतं!