मदत हवी आहे: व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससाठी लोकल गाईड घ्यावा का?

मंडळी, ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तराखंडला व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं घाटतंय, मी, बायको आणि आई. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांघरियापर्यंत (व्हॅलीच्या अलीकडचं मुक्कामाचं गाव) साधारण १० किमी चढ, आईचे गुडघे कुरकुरतात म्हणून तिच्यासाठी खेचर करू, पण व्हॅलीच्या नॅशनल पार्कच्या आत खेचरं सोडत नाहीत ना, मग कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेणारा) आतपर्यंत येतो का आणि परत आणायला थांबतो का?

दुसरं म्हणजे गाईड. मोठ्या ग्रुपमागे पळायचं नाहीये, फुलं ओळखून सांगणारा माणूस हवाय, नाहीतर सगळं नुसतं पिवळं नि जांभळं दिसणार. आत मुक्कामाला परवानगी नाही, दिवसाउजेडी बाहेर पडावंच लागतं, त्यात गाईडनेच 'चलो चलो' केलं तर काय उपयोग? असा माणूस घांघरियात पोचल्यावर मिळतो की आधी ठरवावा लागतो?

घांघरियाहूनच वर जायचं ते हेमकुंड साहिब गुरुद्वारा ४००० मीटरच्या वर आहे, ब्रह्मकमळं तिकडेच बघायला मिळतात म्हणे, पण आईला विरळ हवेचा त्रास होईल असं वाटतं. कोणी साठीच्या पुढच्यांना नेलंय का? आणि दरडींमुळे जोशीमठचा रस्ता बंद पडतो म्हणून किती दिवस जास्तीचे धरू? पॅकेजच्या जाहिराती नकोत प्लीज, स्वतः जाऊन आलेल्यांनीच सांगा.