मदत हवी आहे: गुहेतल्या मातीतली हळू वाढणारी बुरशी कशी मिळवू?

मंडळी, इंदूरहून विचारतेय. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पचमढीजवळच्या एका गुहेतली माती आणलीय. वनखात्याची परवानगी आहे. आत वटवाघळं, त्यामुळे हिस्टोप्लाझ्माच्या (वटवाघळांच्या विष्ठेत वाढणारी, फुफ्फुसांना बाधणारी बुरशी) धास्तीने मास्क लावूनच गोळा केली आणि सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळते.

बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर (बुरशी वाढवायचं जेलीसारखं पोषक माध्यम) २८ अंशांना काळा अ‍ॅस्परजिलस ही झपाट्याने वाढणारी बुरशी बघता बघता सगळी प्लेट व्यापतो. क्लोरॅम्फेनिकॉलने जिवाणू आवरले, ‘रोज बेंगॉल’ या रंगद्रव्याने बुरशीचा पसारा थोडा आटोक्यात आला, नमुना हजारपट विरळ करूनही पाहिला. तरी हाती अ‍ॅस्परजिलस नि पेनिसिलियम या भराभर वाढणाऱ्या बुरश्याच! गुहेत मुळात अन्नाची चणचण, मी मात्र पंचपक्वान्न वाढतेय, तिथेच चुकतंय बहुतेक.

डीएनए सीक्वेन्सिंगचा खर्च झेपणार नाही. इन्क्युबेटर १५ अंशांपर्यंत उतरतो. तर अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) तेवढंच ठेवून पोषकद्रव्यं किती पट कमी करू, आणि प्लेटा किती आठवडे ठेवू?