कॅन्टीनमधलं गोड-तळकट महाग करायचं घाटतंय. कामगारांवर अन्याय न होता हे कसं जमवावं? मदत हवी आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नोकरीला आहे आणि आमच्या कॅन्टीन समितीवर कामगारांचा प्रतिनिधी आहे. पुढच्या बैठकीत एका प्रस्तावावर मला लेखी मत द्यायचं आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

झालं असं, की यंदाच्या आरोग्य तपासणीत बऱ्याच जणांची साखर सीमारेषेवर किंवा तिच्या पुढे निघाली. त्यात पस्तिशीच्या आतली पोरं आहेत, अंगानं सडपातळ, पाळीभर मशिनवर उभी राहणारी. त्यावर एचआरनं सुचवलंय की वडा, भजी, क्रीमरोल, खारी, कोल्ड्रिंक यांचे दर सरसकट पंचवीस टक्के वाढवावेत. परदेशात साखरेवर, चरबीवर कर लावतात आणि लोक आपोआप कमी खातात, असं त्यांचं म्हणणं. युनियनचं म्हणणं, कामगाराच्या तोंडचा वडा महाग करून कसलं आरोग्य सुधारणार?

मी स्वतः दर वाढवण्याच्या बाजूचा आहे. पोस्टर लावून झाली, व्याख्यानं झाली, ताटात काही फरक पडला नाही. पण सरसकट पंचवीस टक्के हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये.

कॅन्टीनचं चित्र सांगतो. दुसऱ्या पाळीची चहाची सुट्टी दहा मिनिटांची. काउंटरवर परातीत वडे-भजी तयार, शेजारी खारी आणि क्रीमरोलचे ट्रे. चहाच्या पातेल्यात साखर उकळतानाच पडलेली असते. बिनसाखरेचा मागितला तर "थांबा, वेगळा टाकावा लागेल" असं उत्तर येतं, आणि दहा मिनिटांत थांबणार कोण? उसळ फक्त जेवणाच्या वेळी, तीही थाळीतच. फळ नाहीच. ताक पाकिटातलं आणि छापील किमतीला, वड्याला मात्र कंपनीचं अनुदान. म्हणजे आज कॅन्टीनचे दरच माणसाला वड्याकडे ढकलतात.

तर, असे कर जिथे लावले तिथे लोकांचं खाणं खरंच बदललं का? सुरुवात कशावर करावी? आणि जादा आलेले पैसे कुठे जावेत, म्हणजे लोकांना ते कापून घेतल्यासारखं वाटणार नाही? अनुभव असेल तर जरूर लिहा.

---

लकडीपूल

मी अर्थशास्त्र शिकवतो. तुमचा प्रश्न कारखान्यापुरता असला तरी बाहेरचे दाखले उपयोगी पडतील.

मेक्सिकोनं १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला. किमती साधारण दहा टक्के वाढल्या. पहिल्या वर्षात अशा पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी ६ टक्के कमी झाली आणि वर्षअखेरीस ही घट १२ टक्क्यांवर गेली. गरीब घरांत ती आणखी जास्त होती. त्याच काळात बाटलीबंद पाण्याची खरेदी वाढली. म्हणजे किमतीनं फरक पडतो, यात शंका ठेवू नका.

आता डेन्मार्क पाहा. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी संपृक्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर बसवला. लोणी, चीज, मांस, सगळं त्यात आलं. लोक सीमेपलीकडे जर्मनीत जाऊन खरेदी करू लागले, दुकानदार आणि उद्योग विरोधात गेले, आणि २०१२ संपता संपता कर गुंडाळावा लागला. तुमच्या गेटबाहेर वडापावची टपरी असणार. ती तुमची जर्मनी. आतला वडा पंचवीस टक्के महाग झाला की माणूस गेट ओलांडेल, आणि तिथलं तेल कसलं आहे ते तुमच्या समितीला विचारताही येणार नाही.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते ब्रिटनचं. त्यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीर केलं की शीतपेयांवर आकारणी येणार, पण अंमल एप्रिल २०१८ पासून. १०० मिलिमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, ८ आणि त्यापुढे २४ पेन्स. आकारणी गिऱ्हाइकावर नव्हती, कंपनीवर होती. मधल्या दोन वर्षांत कितीतरी कंपन्यांनी पाककृती बदलून साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. लोकांनी आवड बदलली नाही, बाटलीतली साखरच कमी झाली.

तुमच्याकडे त्या कंपनीच्या जागी कॅन्टीनचा कंत्राटदार. खाणाऱ्याच्या ताटापाशी दर वाढवण्याऐवजी त्याच्या कोठाराशी बोला. महिन्याला साखरेची किती पोती आणि तेलाचे किती डबे लागतात ते मोजा. खाणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे एक मर्यादा ठरवा. तिच्या वर गेलं तर बिलातून कपात, खाली राहिलं तर वाचलेल्यातला वाटा त्याला. त्याला तयारीला वेळ द्या.

---

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, रुग्णालयात काम करते. सडपातळ पोरांच्या साखरेबद्दल आधी सांगते, कारण बैठकीत कोणीतरी म्हणेलच की "हे कुठे जाडे आहेत?"

या प्रश्नावर मोलाचं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास करत आहेत. आपली बाळं वजनानं लहान, पण चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त, असं त्यात दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो बैठकीत दाखवा. आपल्याला वजनकाट्यावर विसंबता येत नाही, हे एका नजरेत कळतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तुमची सीमारेषेवरची पोरं त्या दुसऱ्या आकड्यातली. यांना वेळेत थांबवता येतं, म्हणून तुमची धडपड मला फार मोलाची वाटते.

आता सुरुवात कशावर? कोल्ड्रिंकवर जरूर करा, १०० मिलिला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पण तुमच्याकडचा मोठा मासा चहाचं पातेलं आहे. एका कपात दोन चमचे धरले तर आठ-दहा ग्रॅम. पाळीत चार कप झाले की तीस-चाळीस ग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ च्या आत राहा म्हणते. कोल्ड्रिंक रोज पिणारे थोडे असतील, चहा सगळे पितात. बिनसाखरेचा चहा वेगळ्या पिंपात कायम तयार ठेवा, साखर बाजूला. ज्याला हवी तो घालून घेईल. दर वाढवण्याआधी हे एवढं करा.

वड्यांचं तेलही बघा. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, वाढत जातात; त्यांची मर्यादा एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) २५ टक्के ठरवली आहे, १ जुलै २०१८ पासून. ते मोजायचं हातातलं यंत्र मिळतं. कंपनीला ते परवडेल.

---

निगडी सेक्टर

मी स्वतः कामगार आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. लकडीपूल सर, मेक्सिकोत गरिबांनी जास्त कमी केलं हे तुम्ही यश म्हणून सांगता. मला त्यात हेही दिसतं की झळ आधी त्यालाच बसते. साहेबाला वडा पाच रुपये महाग झाला काय नि दहा, कळतही नाही.

आणि माणूस वडा का खातो? खोलीवर एकटा राहतो, सकाळी डबा होत नाही, रात्रपाळीला भूक लागते आणि पोट भरणारं तेवढंच समोर असतं. केरळनं २०१६ च्या अर्थसंकल्पात चरबी कर आणला तो ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या पिझ्झा-बर्गरवर, १४.५ टक्के. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो कर त्यात विरला, पण निदान सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळलं होतं.

माझी एकच अट मांडा. ज्या दिवशी वडा महाग होईल त्याच्या आधी उसळ-पाव, उकडलेले शेंगदाणे, केळं आणि ताक वड्यापेक्षा स्वस्त झालेलं असलं पाहिजे. रात्रपाळीलाही. आधी ते, मग दरवाढ. हा क्रम पाळला तर युनियनमध्ये मी स्वतः तुमच्या बाजूनं बोलेन.

---

वहीखातं

करसल्लागार आहे. दोन मुद्दे.

पहिला, टिपणात "कर" हा शब्द कुठेही नको. कर सरकार लावतं. तुमचं कॅन्टीन ना नफा ना तोटा चालायला हवं, तेव्हा याला "दरफरक" म्हणा आणि जमा होणारी रक्कम वेगळ्या खात्यात दाखवा. त्यातला प्रत्येक रुपया स्वस्त पदार्थांकडेच गेला, हे दर महिन्याला सूचनाफलकावर लावा. लोकांचा विश्वास यावरच बसेल.

दुसरा, सरकारच्या करातून काय होतं ते पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर होता, म्हणजे भार तेवढाच. बिनसाखरेच्या फसफसत्या पेयालाही तोच दर, त्यामुळे कंपनीला साखर कमी करण्याचं कारणच उरत नाही. त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण-नमकीन १२ वरून ५ वर. त्याच वर्षी जानेवारीत आर्थिक पाहणी अहवालानं अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जादा कराचा विचार करा असं सुचवलं होतं. सूचना तशी आणि करकपात अशी, हे मला फार चुकीच्या दिशेचं वाटतं. साखर संकुल, म्हणजे राज्याच्या साखर आयुक्तांचं कार्यालय, ज्या शहरात आहे तिथे साखरेबद्दल बोलणं अवघड असतं, हे मान्य करूनही.

पाच-दहा रुपयांच्या पाकिटांत आणखी एक गोष्ट होते. किंमत तीच राहते, कर वाढला की माल घटतो, कर उतरला की माल वाढतो. खाणाऱ्याला कर दिसतच नाही. तुमच्या काउंटरवर मात्र दर मोठ्या अक्षरात लिहिता येईल: वडा इतका, उसळ-पाव त्याच्या निम्मा.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे मांडता येत नव्हतं ते आता कागदावर आलंय.

टिपण असं करतोय. पहिला महिना दरवाढ नाही. बिनसाखरेच्या चहाचं वेगळं पिंप, तिन्ही पाळ्यांना उसळ-पाव, केळं आणि ताक, वड्याचं थोडं अनुदान तिकडे वळवून. कंत्राटदाराची साखर आणि तेल महिन्याला मोजायचं, मर्यादा ठरवायची, त्याला तयारीला तीन महिने. दुसऱ्या महिन्यापासून कोल्ड्रिंक आणि क्रीमरोलवर दरफरक. वड्याला शेवटी आणि थोडाच हात लावायचा, टपरीचा दर बघून. निगडी सेक्टर दादा, तुमची अट पहिल्याच परिच्छेदात घातली आहे.

एक अडचण राहते. कॅन्टीनमधला काचेचा फ्रिज शीतपेय कंपनीनं दिलेला आहे आणि करारानुसार त्यात त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या. डोळ्यासमोर तोच असतो. ताकाची पाकिटं आत स्वयंपाकघरात, तिथे कोणाचं लक्षही जात नाही. यावर काही उपाय?

---

पथ्यपाणी

तो फ्रिज परत करा, किंवा निदान काउंटरपासून लांब हलवा. करारात जागा ठरवून दिली आहे का ते आधी वाचा. आणि व्यवस्थापनाकडे पहिला खर्च म्हणून स्वतःचा एक फ्रिज मागा, तो पैसे द्यायच्या रांगेलगत ठेवा. पाकिटातलं ताक घेऊ नका. कंत्राटदाराकडूनच दही लावून घ्या, जिरेपूड घालून, मीठ बेताचं. ग्लासाच्या हिशेबानं पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

---

निगडी सेक्टर

आमच्याकडे ताक रांगेच्या तोंडाशी ठेवल्यापासून उरत नाही. रात्रपाळीचं मात्र संध्याकाळी वेगळं काढून ठेवायला सांगा, नाहीतर दुसरी पाळीच संपवते.