'बघून शिकणारं मूल', 'ऐकून शिकणारं मूल' हे शिक्के बंद करा

खडूफळा: काल इथे कुणी लिहिलं की मूल बघून शिकतं, ऐकून शिकतं की करून, हे ओळखून तसंच शिकवा, आणि चाचण्या बंदच करा. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. मानसशास्त्रज्ञ पाशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या 'प्रकारां'वरचं संशोधन तपासलं. प्रकारानुसार शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा आधार सापडला नाही. नकाशा बघावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो. कसं शिकवायचं ते विषय ठरवतो.

चाचण्यांचं म्हणाल, तर रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६चा प्रयोग बघा. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने लिहिणारे. परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, आणि मुलं तिथेच फसतात.

दोन मुलांचा बाप: तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचा. तुम्ही तो आठ वर्षांच्या पोरांना लावताय. माझ्या मुलीच्या वर्गात चाचणीचे पेपर मार्कांच्या उतरत्या क्रमाने वाटायचे. हिचं नाव शेवटून तिसरं. आदल्या संध्याकाळपासून पोट दुखायचं, नखं कुरतडून बोटं लाल व्हायची. आठवण पक्की झाली खरी, पण धड्याची नाही, त्या रांगेची.

गणितवाली: मार्क मोठ्याने वाचणाऱ्यांबद्दल मीही बोलणार. मी पहिली यायचे, तरी हात कापायचे, कारण घसरले तर सगळ्यांना कळणार. भीतीने भरलेल्या डोक्यात गणिताला जागाच उरत नाही. आणि बक्षिसांचंही तेच. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांना चित्रं काढल्यावर प्रशस्तिपत्र देऊ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळेत त्या मुलांनी चित्रांना कमी वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. तरी वर्गावर्गांत तारे चिकटवणं चालूच!

खडूफळा: विषय कुठे चाललाय? मी मार्कांची बाजू घेतलेलीच नाही.

दोन मुलांचा बाप: मग 'चाचणी' म्हणू नका. तो शब्द ऐकला की माझी मुलगी अजून गप्प होते.

कालची पोस्ट माझीच: मला अडाणी ठरवलंत, म्हणून लिहिते. माझा मुलगा धडा वाचायला बसला की प्रत्येक ओळीवर अडतो. तोच धडा मी वाचून दाखवला की सगळी उत्तरं देतो. हे मी रोज डोळ्यांनी बघते. तुमचे अभ्यास राहू द्या.

खडूफळा: अडाणी मी म्हटलेलं नाही. पण तुमचं वाचून मला काळजी वाटली. ऐकून कळतं आणि वाचताना अडतो, तर त्याला वाचनाची अडचण असू शकते. तज्ज्ञांकडून तपासून घ्या. 'ऐकून शिकणारा' म्हणून सोडून दिलंत, तर हवी ती मदत मिळायची राहून जाईल. माझा राग या शिक्क्यावर आहे, तुमच्यावर नाही.

कालची पोस्ट माझीच: तपासून घेईन. पण वाचून दाखवणं थांबवणार नाही.

खडूफळा: थांबवूच नका.

गणितवाली: मी तास सुरू होताना कालचे तीन प्रश्न विचारते. मुलं पाटीवर लिहितात, स्वतः तपासतात, पुसून टाकतात. वहीत नोंद नाही, मार्क नाहीत.

दोन मुलांचा बाप: पुसून टाकतात, तेवढं पटलं. तसं असेल तर बसवेन मुलीला. पण एकदा जरी कुणाचं नाव मोठ्याने वाचलं, तर मी शाळेत येऊन बोलेन.