मदत हवी आहे: आई-बाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वाढला, पॉलिसी पोर्ट करावी का?

अबोली
बाबा ७१, आई ६६, दोघं सांगलीत. खाजगी कंपनीची ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी (दोघांत मिळून एकच विमारक्कम), सलग नववं वर्ष. रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या १ टक्का. बाबांना मधुमेह आणि बीपी, दोन्ही पॉलिसीत नोंदलेले. आजवर एकच क्लेम, मोतीबिंदूचा.

गेल्या वर्षी एकूण ५४,२८० रुपये भरले, यंदाची नोटीस ६१,००० ची आहे. नूतनीकरणाला ५२ दिवस उरलेत. ज्येष्ठांसाठी १० टक्क्यांची मर्यादा आहे ना, मग ही १२ टक्के वाढ कशी? दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावं का, म्हणजे सलगता राखून पॉलिसी तिकडे हलवावी का? एजंट म्हणतो २० टक्के को-पे (प्रत्येक क्लेममधला तेवढा वाटा आपण भरायचा) घ्या, हप्ता ५२,००० वर येईल. शिवाय ५ लाख आता पुरत नाहीत, तेही वाढवायचे आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

टीपकागद
वाढ १२ टक्के नाहीच. गेल्या वर्षीच्या ५४,२८० मध्ये १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे मूळ हप्ता ४६,०००. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झालाय, तेव्हा यंदाचे ६१,००० हा निव्वळ हप्ता आहे. ४६ वरून ६१, म्हणजे जवळपास ३३ टक्के. करकपातीच्या आड वाढ झाकली गेली. (कर गेल्यावर कंपन्यांना इनपुट क्रेडिटही, म्हणजे स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळेनासं झालं, त्याचा थोडा भार हप्त्यावर येतो. पण त्याने ३३ टक्के होत नाहीत.)

आता मर्यादेबद्दल. ३० जानेवारी २०२५ च्या इर्डाच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकानुसार ६० आणि त्यापुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत करायची असते. सरसकट बंदी नाही. कंपनी बहुतेक 'बाबांचा वयाचा टप्पा बदलला' हे कारण पुढे करेल, सत्तरी ओलांडली की बऱ्याच दरपत्रकांत उडी असते. म्हणून लेखी विचारा:

- मागच्या आणि यंदाच्या हप्त्याचं करपूर्व विवरण
- वयाच्या टप्प्यामुळे किती वाढ, दरपत्रक बदलल्यामुळे किती, ॲड-ऑनमुळे (जोडीला घेतलेल्या जादा संरक्षणामुळे) किती
- दरपत्रक बदललं असेल तर इर्डाशी सल्लामसलत कधी झाली

ईमेल थेट कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला करा. एजंटला व्हॉट्सॲपवर विचारलेल्याला काही किंमत नसते. आणि यंदाच्या नोटिशीत न मागितलेलं ॲड-ऑन घुसलंय का तेही पाहा.

रेवाकाठ
पोर्टिंगबद्दल. बहुतेक पॉलिसींच्या कागदात नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी आणि ६० दिवसांहून जास्त आधी नाही, अशी मुदत असते. म्हणजे तुमच्या हातात आठवडा आहे. जुनी कंपनी माहिती ७२ तासांत देते, ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत हो-नाही कळवायचं.

अडचण अशी की नवी कंपनी नकार देऊ शकते, आणि ७१ वर्षं, मधुमेह, बीपी म्हटल्यावर बऱ्याच देतात. अर्ज केल्याने जुनी पॉलिसी रद्द होत नाही, म्हणून विचारून बघायला हरकत नाही. मात्र लेखी स्वीकृती आणि नवं पॉलिसी शेड्यूल (पॉलिसीचं तपशीलपत्रक) हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. शेड्यूलवर पहिल्या विम्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची छापली आहे ना, हे सर्वांत आधी तपासा. ती नसेल तर क्लेमच्या वेळी प्रतीक्षाकाळ (आधीच्या आजारांना विमा लागू होण्यापूर्वी थांबायचा काळ) नव्याने मोजला जाईल.

प्रतीक्षाकाळाचं श्रेय जुनी विमारक्कम अधिक साठलेला बोनस (क्लेम न केल्याने वाढलेली रक्कम) एवढ्यावरच मिळतं. ५ वरून १० लाख केलेत तर वरच्या भागावर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आणखी एक, ज्याकडे लोक लक्ष देत नाहीत. सलग ६० महिने झाल्यावर 'आजार लपवला' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. तुमचं नऊ वर्षांत ते संरक्षण केव्हाच पक्कं झालंय. खंड पडला तर ते जातं.

मुक्काम_पोस्ट
सरळ पॉलिसी बंद करून दरवर्षी ६१ हजार एफडीत टाका की. पाच वर्षांत तीन लाखांवर जमतील.

टीपकागद
@मुक्काम_पोस्ट, आणि पहिल्याच वर्षी अँजिओप्लास्टी निघाली तर? या वयात सोडलेली पॉलिसी परत मिळवणं फार अवघड. हा सल्ला पस्तिशीतल्यालाही देऊ नये.

को-पेचं गणित करू. हप्त्यात बचत ९,०००. चार लाखांच्या बिलात तुमचा वाटा ८०,०००. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं क्लेम न येता काढली तर बरोबरी. ७१ व्या वर्षी हा सौदा मी घेणार नाही. शिवाय एकदा लावलेला को-पे पुढे काढायला कंपनी राजी होईलच असं नाही.

रेवाकाठ
विमारक्कम वाढवायची तर मूळ पॉलिसी तशीच ठेवून वर सुपर टॉप-अप घ्या, ५ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचा खर्च देणारा. साधा टॉप-अप नको. समजा वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, बिलं साडेतीन आणि चार लाखांची. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, एकही ५ लाखांच्या वर नाही, मिळणार शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो: साडेसात उणे पाच, अडीच लाख मिळतात. प्रस्तावात मधुमेह, बीपी, चालू गोळ्या सगळं लिहा. तिथला प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो, त्यामुळे तो संपेपर्यंत मूळ रक्कम ३ लाखांवर आणायचा मोह टाळा.

खरी गळती मात्र त्या १ टक्का खोलीभाड्यात आहे. तुमची मर्यादा ५,०००. खोली ८,००० ची घेतली तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत, सर्जन, ओटी, व्हिजिट, नर्सिंग हे सगळं ५/८ म्हणजे ६२.५ टक्केच मंजूर होतं. या खात्यांचं बिल १,६०,००० असेल तर ६०,००० खिशातून. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. तरी काही वेळा पूर्ण बिलावर लावलेली दिसते. मंजुरीचं पत्र ओळीओळीने वाचा. पोर्ट करायचंच असेल तर ही मर्यादा नसलेल्या प्लॅनसाठी करा, दोन-तीन हजार वाचवण्यासाठी नको.

सांगावा
बाबांचं आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड काढलंत का? ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, प्रतीक्षाकाळ नाही, मधुमेह पहिल्या दिवसापासून धरला जातो. खाजगी विमा असला तरी चालतो. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची) मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

कार्ड आयुष्मान ॲपवर आधार ई-केवायसीने निघतं. आधारला जुना मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी येत नाही, आधी तो बदलून घ्या. वय आधारवरचंच धरतात.

मर्यादाही माहीत असू द्या: फक्त यादीवरचं रुग्णालय, ठरलेली पॅकेजेस, आणि आधी पैसे भरून नंतर परतावा मिळत नाही. रुग्णालय यादीत असलं तरी *त्या विभागासाठी* आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. हृदयरोगासाठी आहे पण हाडांसाठी नाही, असं असू शकतं. त्यामुळे हे पॉलिसीला पर्याय नाही, पण पॉलिसीतले ५ लाख आईसाठी शिल्लक राहतात. आईचं वय बसत नाही. त्यांच्यासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू. रेशनकार्डावर त्यांचं नाव आधारप्रमाणेच आहे का ते आत्ताच जुळवून ठेवा.

अबोली
खूप आभार! को-पे रद्द. वय वंदना आणि सुपर टॉप-अप नक्की. पोर्टचा अर्ज टाकून बघते. हप्ता मी भरते, तर करात पूर्ण ६१,००० दाखवता येतील का?

टीपकागद
नाही. ज्येष्ठ पालकांसाठी ८०डीची (आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील करवजावटीची) कमाल ५०,०००, सुपर टॉप-अपही त्यातच. तेही जुन्या कररचनेत असाल तरच, आणि हप्ता रोखीत भरलेला नको.

विवरणाचं उत्तर किंवा पोर्टची स्वीकृती आली नाही तरी देय तारखेच्या आत जुना हप्ता भरा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण तिने फक्त सलगता टिकते. त्या दिवसांत ॲडमिट झाल्यास क्लेम मिळत नाही. उत्तर असमाधानकारक वाटलं तर तोच ईमेल जोडून इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.