दुर्बीण, दूरदर्शक की चष्मा?

तिरपागडा: शाळकरी पोरांसाठी गॅलिलिओवर लिहितोय आणि पहिल्याच पानावर गाडं अडलंय. जानेवारी १६१० मध्ये त्याने गुरूचे चंद्र 'टेलिस्कोप'मधून बघितले म्हणावं तर तो शब्द तेव्हा जन्मालाच आला नव्हता, तो निघाला १६११ मध्ये, रोमला सेझी नावाच्या विज्ञानप्रेमी सरदाराने गॅलिलिओसाठी दिलेल्या मेजवानीत. तो स्वतः लॅटिनमध्ये पर्स्पिसिलम म्हणतो आणि इटालियनमध्ये ओक्कियाले, म्हणजे जवळजवळ चष्माच. मी 'दुर्बीण' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने 'दूरदर्शक' केलं. काय ठेवू?

खमंगकाकडी: दुर्बीणच! आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दूरदर्शकातून झालं म्हटलं असतं तर मावशीने विचारलं असतं, कुठल्या चॅनलवर?

शुद्धोदक: हसा. पण पाठ्यपुस्तकात तरी फारसी शब्द कशाला, चांगला मराठी शब्द असताना?

बोरूबहाद्दर: 'दूर' संस्कृतात आहे आणि फारसीतही, चुलत भाऊ ते. बीन म्हणजे बघणारा, तमाशबीन मधला. शेवटचा ण मात्र आपला. आणि चष्माही फारसीच हो शुद्धोदक, तो काढून ठेवा आणि मग टाइप करा.

खमंगकाकडी: आमचे आजोबा सांगायचे दूर + वीणा, नळी वीणेच्या दांडीसारखी म्हणून.

बोरूबहाद्दर: आजोबांना नमस्कार, पण नाही.

कोल्हापुरी_मिसळ: आमच्याकडं दुर्बीण म्हणजे गळ्यात अडकवायची, दोन नळ्यांची. एका नळीची असली तर पोरं तोफ म्हणतात.

तिरपागडा: गंमत म्हणजे लिपरहे नावाच्या चष्मेवाल्याने १६०८ च्या ऑक्टोबरात हॉलंडमध्ये पेटंट मागितलं तेव्हा सरकारने त्याला दोन्ही डोळ्यांनी बघायचीच करून मागितली. पेटंट काही मिळालं नाही, कारण तसं यंत्र आणखी लोकांना जमत होतं. अर्जात नाव नाहीच, नुसतं 'लांबचं बघायचं साधन'. डच लोक आजही फेरकायकर म्हणतात, म्हणजे लांबबघ्या. दुर्बीण शब्दशः तेच की!

शुद्धोदक: मग दूरदर्शकही तेच. तुमच्याच तोंडून.

बोरूबहाद्दर: वरती खमंगकाकडींनी 'दुर्बिणीतून' बरोबर लिहिलंय. काल एका पाटीवर 'दुर्बीणीतून शस्त्रक्रिया' वाचलं, डोळे दुखले.

खमंगकाकडी: खुर्दबीन कोणी ऐकलाय का? सूक्ष्मदर्शकाला.

कोल्हापुरी_मिसळ: खुर्दा मधला खुर्द काय हा? आणि गावांच्या नावातला, बुद्रुक-खुर्द?

बोरूबहाद्दर: तोच, खुर्द म्हणजे लहान. बुद्रुक हा बुजुर्गचा भाऊ. यावर वेगळा धागा काढा.

तिरपागडा: अहो, बाईंना उद्या काय सांगू?

कोल्हापुरी_मिसळ: आमचं गाव बुद्रुक, पण खुर्दापेक्षा बारकं.